दशांशबाई आणि साडेचारपट उष्णता

तपासणी केंद्राच्या तळमजल्यावर, उष्णता विभागात, एक बाई सव्वीस वर्षं पाणी तापवत होत्या. गिझर, किटल्या, इस्त्र्या, खोली गरम करायचे हीटर, कारखान्यांचे छोटे बॉयलर, बाजारात जायच्या आधी जे जे तापतं ते त्यांच्या टेबलावरून जायचं. खोक्यावर लिहिलंय तेवढं ते खरंच तापतं का, एवढंच त्यांनी सांगायचं. पण हे 'एवढंच' किती जणांच्या घशाखाली उतरत नाही, ते त्या रोज बघत होत्या.

केंद्रात त्यांना दशांशबाई म्हणत. नाव पडलं एका किटलीवरून. किटलीला पास व्हायला नव्वद टक्के लागायचे आणि मिळाले एकोणनव्वद पूर्णांक सहा.

"ढकला की थोडं पुढे, बाई," संचालक म्हणाले. "चार दशांशांनी काय आभाळ कोसळतंय?"

"आभाळ नाही कोसळत साहेब. पण नव्वदही होत नाहीत."

किटली नापास झाली. चिडवायला म्हणून कुणीतरी दशांशबाई म्हटलं, तर बाईंनी ते नाव उचलून खिशातच टाकलं. फोन वाजला की स्वतःच सांगायच्या, "उष्णता विभाग, दशांशबाई बोलतेय." ज्याला स्वतःच चिडवून घ्यायचंय त्याला कोण काय चिडवणार?

घरी त्या आणि सासूबाई. नवरा मालगाडीवर गार्ड, आठवड्यातले चार दिवस रुळांवर. सासूबाईंनी चाळीस वर्षं प्रसूतिगृहात बाळांना अंघोळी घातल्या होत्या. पाण्यात कोपर बुडवायचं आणि सांगायचं, "सदतीस. आण बाळ." लग्न होऊन आलेल्या नव्या सुनेने एकदा गुपचूप थर्मामीटर बुडवून पाहिला होता. सदतीस पूर्णांक दोन. त्या दिवसापासून सासू-सुनेचं जमलं ते जमलंच. शेजारणींना त्याचा फार त्रास व्हायचा.

तर अशा या बाईंच्या टेबलावर मास्तरांचं यंत्र आलं.

मास्तर म्हणजे तंत्रशाळेत लेथ शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. सत्तरी गाठलेली, बोटांच्या पेरांत तेल कायमचं मुरलेलं. घरामागच्या शेडमध्ये त्यांनी अकरा वर्षं खपून एक पोलादी नळकांडं बनवलं होतं, मोठ्या थर्मासएवढं. आत धातूची भुकटी आणि दाबाने भरलेला वायू. एका बाजूने वीज आणि पाणी आत जायचं, दुसऱ्या बाजूने वाफ बाहेर. मास्तरांचं म्हणणं असं, की वीज देतो त्याच्या साडेचारपट उष्णता बाहेर येते. मास्तर ते मनापासून म्हणत. त्यांचा जावई मात्र ते मोठ्याने म्हणे. जावयाने कंपनी काढली, सभागृहं घेतली, पडद्यावर नळकांड्याचे फोटो दाखवले. वर्तमानपत्रांनी 'घरोघरी फुकटची ऊब' असे मथळे दिले. विद्यापीठातले लोक हसले, आणि ते हसले म्हणून बाकीच्यांना वाटलं, नक्कीच काहीतरी दडवताहेत. आता फक्त केंद्राचा दाखला हवा होता. वरून दोनदा फोन आले. संचालकांना नव्या इमारतीची स्वप्नं पडू लागली.

पहिल्या दिवशी जावयाने बाईंपुढे फाइल ठेवली. "तीन तज्ज्ञांनी मोजलंय. तासाला पाच किलो पाणी आत जातं, सगळ्याची वाफ होते. एवढ्या पाण्याची वाफ करायला किती उष्णता लागते ते शाळेच्या पुस्तकात आहे. वीज किती देतो ते मीटरवर आहे. भागाकार केला की झालं. तुम्ही फक्त सही करा."

"सगळ्या पाण्याची वाफ होते हे कुणी बघितलं?"

"तज्ज्ञांनी. हवेतला दमटपणा मोजायचं यंत्र नळीच्या तोंडाशी धरून."

बाईंनी फाइल मिटली आणि यंत्राकडे गेल्या. यंत्रातून एक काळी रबरी नळी निघाली होती, चांगली तीन मीटर लांब, आणि तिचं टोक भिंतीतल्या मोरीत खुपसलेलं होतं.

"हे टोक मोरीत का?"

"खोलीत वाफ कोंडते ना."

बाईंनी हातमोजा घातला आणि टोक बाहेर ओढलं. फसफस करत पांढरा लोट निघाला. जावयाने 'बघा' असा हात केला. बाईंनी टोक खाली जमिनीपर्यंत नेलं, तशी नळीने गुळणी टाकली. कढत पाणी, भांडंभर. पुन्हा थोडी वाफ, पुन्हा गुळणी.

"उकळत्या पाण्याची थोडीशी वाफ झाली तरी ती केवढी जागा खाते," बाई म्हणाल्या. "लोट दिसतो, पण बरंचसं पाणी पाण्यासारखंच बाहेर पडतं. आणि तुमचं ते दमटपणाचं यंत्र हवेसाठी आहे. वाफेत पाणी किती ते त्याला कळत नाही. न्हाव्याला विचारायचं दाढीचं आणि तुम्ही विचारलंत दाढदुखीचं."

"बाई, तीन तज्ज्ञांनी..."

"मग चौथ्यांदा मोजायला आणलंत कशाला?"

मास्तर कोपऱ्यात उभे होते. मोरीपाशी साचलेल्या त्या पाण्याकडे ते बराच वेळ बघत राहिले.

संचालकांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. दाखला टाइप होऊन तयार होता, 'साडेचारपट' हा शब्दसुद्धा. परवा पाहुणे येणार, कंपनीच्या पद्धतीने चाचणी दाखवायची, सही करायची, संपलं.

"सही माझी आहे ना साहेब?"

"तुमचीच."

"मग पद्धतही माझी."

"बाई, इथे गिझर नाहीये. सगळ्यांचं लक्ष आहे."

"लक्ष आहे म्हणून पाणी जास्त तापत नाही."

परवा आला. खुर्च्यांवर बारा पाहुणे, पुढे संचालक, जावई नव्या कोटात, मास्तर कडेला. बाईंनी मधोमध वजनकाटा ठेवला होता आणि त्यावर निळं प्लॅस्टिकचं पिंप, उष्णता पळू नये म्हणून जुन्या रजईत गुंडाळलेलं. पिंपात चाळीस किलो पाणी, पंचवीस अंशांचं. भिंतीवरच्या फळ्यावर त्यांनी आधीच दोन आकडे लिहिले: एकसष्ट आणि तेहतीस.

"ही नळी मी मोरीऐवजी पिंपात सोडणार," त्या पाहुण्यांना म्हणाल्या. "वाफ येवो नाहीतर पाणी येवो, जे येईल ते या पिंपात पडेल आणि आपली उष्णता इथेच सोडेल. मला भांडायचं कारणच नाही. अर्ध्या तासाने पाणी किती तापलं ते बघायचं. साडेचारपट उष्णता असेल तर एकसष्ट अंश. नुसत्या विजेचीच असेल तर तेहतीस. आकडे आधी लिहिलेत, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बाईंनी मागाहून गणित बसवलं."

जावई उठला. "हे ठरलं नव्हतं."

"पाण्याला ते कळवलं नाही कुणी," बाई म्हणाल्या आणि नळी बुडवली.

पिंप गुरगुरू लागलं. बाई लाकडी दांडक्याने पाणी ढवळत होत्या. वजन हळूहळू चढत होतं, म्हणजे जे येत होतं ते पिंपातच राहत होतं. पहिली दहा मिनिटं पाहुणे गप्पा मारत होते, विसाव्या मिनिटाला फळ्याकडे बघू लागले. तिसाव्या मिनिटाला बाईंनी नळी काढली, पाणी ढवळलं आणि थर्मामीटर वाचला.

"बत्तीस पूर्णांक नऊ."

"थर्मामीटर बिघडलाय!" जावई ओरडला.

बाईंनी दुसरा बुडवला. बत्तीस पूर्णांक नऊ. तिसरा. बत्तीस पूर्णांक आठ.

"तिन्ही तुमचेच! तुम्हाला आधीपासूनच..."

बाईंनी थर्मामीटर टेबलावर ठेवला. हातातलं घड्याळ काढलं, बाही दुमडली आणि हात कोपरापर्यंत पिंपात घातला. पाहुण्यांतल्या एकीच्या तोंडून 'अगंबाई' निघून गेलं.

"एकसष्ट अंशांच्या पाण्यात माणूस पाच मोजेपर्यंत हात ठेवू शकत नाही," बाई म्हणाल्या. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? बोला, किती वेळ ठेवू? चहा येईपर्यंत ठेवू?"

कुणी हसलं नाही. संचालक छताकडे बघत होते. जावई म्हणाला, ही नाटकं आहेत, इथे विज्ञान चाललंय की जादूचे प्रयोग? बाईंनी हात काढला नाही.

मग मास्तर उठले. पिंपाजवळ आले, सदऱ्याची बाही वर केली आणि स्वतःचा हात बाईंच्या हाताशेजारी पाण्यात घातला. अकरा वर्षं त्या माणसाने दुसऱ्याच्या मीटरवर विश्वास ठेवला होता. आता स्वतःच्या कातडीने विचारत होता.

"कोमट आहे," मास्तर म्हणाले.

त्या दिवशी दाखल्यावरचा 'साडेचारपट' शब्द बाईंनी खोडला आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: दिली जेवढी वीज, निघाली तेवढीच उष्णता, तीन टक्के इकडेतिकडे. सही केली. घरी गेल्यावर सासूबाईंनी आधी हात बघितला.

"भाजला नाही ना गं?"

"तेहतीसच होतं, आई."

"शी! तेवढ्या पाण्यात बाळ रडतं."

एवढ्यावर प्रकरण मिटायला हवं होतं. पण जावई गप्प बसणारा नव्हता आणि विद्यापीठवाल्यांनाही आता जोर चढला होता. चौकशी समिती बसली. अध्यक्ष एक प्राध्यापक, नाकाने कांदे सोलणारे. मास्तरांनी समितीला एकच विनंती केली: "वाफेचा घोळच नको. पाणी इतकं जास्त सोडा की उकळणारच नाही. आत जाताना किती गरम, बाहेर येताना किती गरम, एवढंच मोजा. आणि मोजायचं या बाईंनी."

बाईंना ती सूचना फार आवडली. प्रतिपक्षाने आपल्याहून चांगली युक्ती सुचवली की काही लोकांना राग येतो. बाईंनी तीन आठवडे तसंच मोजलं. तेरा चाचण्या. बारांमध्ये आत तेवढंच बाहेर. नववीत मात्र सहा टक्के जास्त.

सहा टक्के म्हणजे साडेचारपट नव्हे. पण सहा टक्के म्हणजे शून्यही नव्हे.

"नववी गाळा," प्राध्यापक म्हणाले.

"का?"

"चुकीची आहे म्हणून."

"कुठे चुकली?"

"ते मला काय ठाऊक? पण चुकलीच असणार. आणि निष्कर्षात एक वाक्य घाला, ही जाणूनबुजून केलेली फसवणूक आहे."

"सर," बाई म्हणाल्या, "माझ्याकडे उष्णता मोजायची उपकरणं आहेत. मन मोजायचं एकही नाही. आणि आवडलेले बारा आकडे ठेवून नावडता तेरावा फेकायचा, तर मग जावईबापूंनी काय वेगळं केलं होतं?"

प्राध्यापकांच्या चेहऱ्याचा रंग बघण्यासारखा झाला. अहवाल तेराच्या तेरा चाचण्यांसकट गेला. दुसऱ्या दिवशी जावयाने गावभर दवंडी पिटली: 'सहा टक्के! केंद्राचीच कबुली!' प्राध्यापकांनी जाहीर पत्र लिहिलं की किटल्या तपासणाऱ्यांनी विज्ञानात लुडबूड करू नये. संचालकांना दोन्हीकडून थपडा बसल्या, त्या त्यांनी इमानदारीने बाईंकडे पोचवल्या. जेवणाच्या सुट्टीत बाईंच्या टेबलावर कुणी बसेना. चहावाला मात्र बसायचा. तो म्हणायचा, "बाई, दोन्हीकडचे शिव्या देतात म्हणजे तुम्ही मधोमध उभ्या आहात बघा."

पण खरं सांगायचं तर बाई स्वतःच अस्वस्थ होत्या. ते सहा टक्के त्यांना दातात अडकलेल्या तुसासारखे टोचत होते. गाळायचे नाहीत हे ठीक. पण आले कुठून? रांधताना त्या भाजीत मीठ घालायचं विसरल्या, आणि सासूबाईंनी ती काही न बोलता खाल्ली, यावरूनच काय ते समजा.

तिसऱ्या दिवशी त्या बस पकडून मास्तरांच्या शेडवर गेल्या. मास्तर लेथपाशी होते.

"मला एक नळकांडं करून द्या," बाई म्हणाल्या. "तुमच्यासारखंच, हुबेहूब. तेच पोलाद, तेवढीच जाडी, तेवढंच वजन. फक्त आत भुकटी नको, वायू नको. वाळू भरा आणि साधी तापणारी तार घाला."

मास्तरांनी लेथ बंद केला. त्यांना कळायला एक क्षण लागला. "वाळूने पण सहा टक्के जास्त दिले, तर ते सहा टक्के तुमच्या मोजणीतले."

"हो."

"आणि नाही दिले, तर माझे."

"हो."

"माझ्याकडूनच माझा खड्डा खणून घेताय की काय, बाई?"

"खड्डा कुणाचा ते अजून ठरलं नाही. कदाचित माझा असेल. पण तुमच्याइतकं हुबेहूब दुसरं कोण करणार?"

मास्तरांनी पोलादाचा एक तुकडा उचलून हातात तोलून बघितला. मग म्हणाले, "गुरुवारी या."

गुरुवारी दोन्ही नळकांडी केंद्रात आणून शेजारी शेजारी ठेवली तेव्हा बाईंना फरक ओळखता आला नाही. मास्तरांनी वाळूच्या नळकांड्याच्या तळाशी खडूने फुली मारली होती, तेवढीच. दोघांनी मिळून नववीच्या दिवशीची वही काढली. बाईंच्या अक्षरात एक ओळ होती: 'नळी साफ केली, बाहेर पडणाऱ्या पाण्याचा थर्मामीटर पुन्हा बसवला.' आणि दहावीच्या आधी: 'गळती, थर्मामीटर पुन्हा बसवला.' म्हणजे एकच चाचणी दोन बसवण्यांच्या मधली.

बाईंनी थर्मामीटर काढला आणि आता तो पूर्ण आत, थेट टोकापर्यंत दाबून बसवला. वाळू तापवली. सहा पूर्णांक दोन टक्के जास्त! टोक आतल्या गरम धातूला टेकत होतं आणि पाण्याऐवजी धातूचं तापमान सांगत होतं. बोटाच्या पेरभर मागे ओढला. शून्य.

वाळूने सुद्धा फुकटची ऊब दिली होती. चूक बाईंची होती.

मास्तर खाली स्टुलावर बसले. त्यांचे शेवटचे सहा टक्के गेले होते. बाईसुद्धा बसल्या. दोघांपैकी कुणाला जास्त लागलं होतं ते सांगणं कठीण.

"लिहिणार?" मास्तरांनी विचारलं.

"लिहिणार."

अहवालाला एक पान जोडलं गेलं. 'नवव्या चाचणीतली वाढ ही तपासणाऱ्याच्या चुकीमुळे. थर्मामीटर मी चुकीचा बसवला. वाळूच्या नळकांड्याने ते सिद्ध झालं.' खाली सही.

संचालकांनी ते पान दोनदा वाचलं. "केंद्राची अब्रू चव्हाट्यावर मांडताय? 'अन्य कारणांमुळे' लिहा. 'तांत्रिक अडचण' लिहा. चूक हा शब्द केंद्राच्या कागदावर आजवर आलेला नाही."

"चुका आल्या असतील, साहेब. शब्द आला नसेल."

"पान काढा, नाहीतर तळघरात जाल."

"तळघरात काय असतं?"

"इस्त्रीच्या वायरी."

"मग त्याही कुणीतरी तपासायला हव्यातच," बाई म्हणाल्या. पान राहिलं. सोमवारी बाई तळघरात गेल्या.

तिथे एक यंत्र इस्त्रीच्या वायरी दिवसभर वाकवायचं, उजवीकडे डावीकडे, उजवीकडे डावीकडे. दहा हजार वेळा वाकून तुटली नाही तर वायर पास. खिडकी नाही, एक दिवा, आणि तो टकटक आवाज. सगळ्यांना वाटलं, बाई महिनाभरात वर येऊन माफी मागतील. बाईंनी पहिल्याच आठवड्यात तीन कंपन्यांच्या वायरी नऊ हजार आठशेवर तुटताना पकडल्या आणि नापास केल्या. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभही जळाला नव्हता.

तीन वर्षं गेली. वरती उष्णता विभागात नवा माणूस आला. जावयाची कंपनी बंद झाली, आणि जावईबापू आता पाणी गोड करणारी चुंबकं विकत होते. मध्ये एकदा संचालकांनी निरोप पाठवला, ते पान मागे घेतल्याचं दोन ओळींत लिहून द्या, उद्या वर या. बाईंनी निरोपाच्या कागदामागे वायरींचा हिशेब लिहून परत पाठवला.

आणि मग मास्तरांचं पत्र आलं, संचालकांच्या नावाने, वरच्या खात्याला प्रत जोडून. मास्तरांनी नवं नळकांडं केलं होतं. भुकटी वेगळी, वायू वेगळा. पत्रात लिहिलं होतं: 'माझं यंत्र तपासायचं असेल तर त्याच बाईंनी तपासावं. आजवर मला ज्यांनी होकार दिला ते सगळे सोडून गेले. ज्यांनी हसून उडवलं त्यांनी कधी हात लावून बघितलं नाही. स्वतःची चूक लिहून सही करणारा माणूस मला एकच भेटला. बाकी कुणाच्या आकड्यावर माझा विश्वास नाही.'

वरच्या खात्याने विचारलं, या कोण बाई? संचालकांना उत्तर द्यावं लागलं, आणि उत्तर देण्यासाठी बाईंना वर बोलवावं लागलं. बाई आल्या, पण तळघरातली शेवटची वायर दहा हजारांपर्यंत मोजून मग आल्या. संचालक पाऊण तास थांबले.

मास्तर आले ते दोन नळकांडी घेऊन. एक नवं, एक वाळूचं, खडूची फुली मारलेलं. कुणी सांगायच्या आधीच त्यांनी ते जोडीने बनवलं होतं. आठ दिवस बाईंनी मोजलं. थर्मामीटर बसवताना दर वेळी मास्तर वाकून बघायचे आणि बाई त्यांना बघू द्यायच्या. शेवटी आकडे फळ्यावर आले. नव्या नळकांड्याचे अठ्ठ्याण्णव पूर्णांक सात टक्के. वाळूचे अठ्ठ्याण्णव पूर्णांक आठ.

मास्तरांनी चष्मा पुसून आकडे पुन्हा वाचले.

"पूर्ण शंभर का नाहीत?"

"नळीवरचं आवरण कोपऱ्यात थोडं उघडं आहे. तिथून उष्णता जाते. दोन्हींतून सारखीच."

"म्हणजे ती यंत्राची चूक नाही."

"नाही. आवरणाची."

"आवरण मी आणखी चांगलं करीन," मास्तर म्हणाले. त्यांनी वाळूचं नळकांडं काखेत घेतलं, नवं दुसऱ्या हातात. दारापाशी वळून म्हणाले, "भुकटीबद्दल माझ्या डोक्यात एक गोष्ट आहे. वर्षभर लागेल."

संचालक काहीतरी बोलणार होते. बाईंनी त्यांना बोलू दिलं नाही.

"या," त्या मास्तरांना म्हणाल्या. "पण जोडीनेच आणा."